शीतलच्या गाडीचं कव्हर

धाडकन! शीतलची मोटारसायकल गल्लीत शिरली, की पहिल्या मजल्यावरची राण्यांची खिडकी अशी बंद व्हायची. मुलीनं गाडी घेतली म्हणून बापानं तिच्याशी बोलणं टाकलेलं. किती वर्षं झाली, आवाज अजून कानात आहे. मरोळला त्याच गल्लीत माझं गाड्यांची कव्हरं शिवायचं दुकान. मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसे इथे किस्से साठतात. टाकवत नाहीत.

*

शेजारी पास्कलचं गॅरेज. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "गाडी बरेच महिने उभी राहणार. जाड प्लास्टिक द्या, वारासुद्धा आत जाता कामा नये!"

पास्कल तिकडून ओरडला, "मग लोणचंच घाल ना तिचं!"

गिऱ्हाईक हसलं आणि हवा खेळणारं कापड घेऊन गेलं. मी समजावत बसलो असतो. पास्कलला एक वाक्य पुरलं!

*

शीतल नोकरीसाठी दुबईला निघाली. माझ्या पाया पडली नि म्हणाली, "काका, परत येईपर्यंत गाडीचं भंगार होणार. घरात कोण बघतंय तिच्याकडे?"

आठवड्यात राणे दुकानात हजर.

"सगळ्यात स्वस्त कव्हर दे. माका काय तेचा! गाडी उघडी दिसली तर लोका नावां ठेवतत."

मी काढलं. त्यांनी चोळून पाहिलं, वास घेतला. "ह्यात घामेजतली ती. दुसरा दाखव."

सगळं कपाट खाली आलं.

"काय राणे," पास्कल म्हणाला, "गाडीला कव्हर, की सुनेला शालू?"

"तू तुझे पाने फिरव!"

*

मग राणे येतच राहिले. "वाऱ्यान फडफडता. झोप मोडता माझी." मी खालून पट्टा शिवून दिला.

पुढच्या खेपेला लुंगी घेऊन आले. हिरव्या चौकडीची. रोज संध्याकाळी हीच नेसून खिडकीत बसायचे. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली.

"आतून लाव, टाकीवर येईल अशी. जुनी झाली, टाकूचीच होती."

ते गेल्यावर पास्कल हळूच म्हणाला, "मास्टर, एवढी काळजी मी बायकोची नाय घेतली रे!"

*

शीतल परत आली ती थेट दुकानात. राणे माझ्या पायरीवर पेपर वाचत बसलेले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"काका, कोण भंगारवाला आहे ओळखीचा?"

"आधी बघ तरी," मी म्हटलं.

पास्कलनं गाडी आणली. बॅटरी लावली, ताजं पेट्रोल घातलं, कव्हर शीतलच्या हातात दिलं नि किक मारली. पहिल्याच किकला गल्ली दणाणली! पास्कलनं आणि मी सवयीनं वर बघितलं. खिडकी उघडीच होती.

शीतलनं टाकीवरून हात फिरवला. एक ओरखडा नाही. मग हातातलं कव्हर उलटं करून पाहिलं.

"पप्पा... ही तर तुमची लुंगी!"

राण्यांनी पेपर ठेवला. उठले. कव्हर तिच्या हातातून घेतलं, टोकाला टोक जुळवून घडी घातली, काखेत मारलं आणि घराकडे चालू लागले.