जाळात घातलेला वाकस

थोरल्या भावाशी वाटणी झाली तेव्हा मला घराचे उगवतीकडचे दोन खण आणि पुढची पडवी मिळाली. वडिलांच्या हत्यारांतले एकही मिळाले नाही. भाऊ म्हणाला, "घर वाटता येतं. हत्यारं वाटली की दोघंबी अर्धे सुतार." पंचांनी माना डोलावल्या. मीही फार ताणले नाही, कारण मला नव्या हत्यारांची हौस होती.

तो निजामाचा अंमल. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तिथे लोखंडी सामान विकणारा एक म्हातारा मुसलमान दुकानदार होता. आधी तो स्वतः टांग्याची चाके करायचा. कंबर गेली तेव्हापासून दुकानात बसला होता. मी त्याला करवत, रंधा, पटाश्या, सामता, गुण्या, वाकस असे एका दमात सांगितले. तो हसला.

"सगळं आजच घेतो? तीन घे, बेटा. चौथं कोणतं लागतं ते लाकूड सांगंल."

त्याने करवत माझ्या हातात दिली आणि कमानीसारखी वाकवून सोडायला सांगितली. पहिली सोडल्यावरही थोडी वाकलेलीच राहिली. "ही नवी नवरी हाय, मान वर करत न्हाई. ठेव ती." दुसरी झटकन सरळ झाली आणि थरथरत गुणगुणली. ती घेतली. पटाशी त्याने माझ्याच अंगठ्याच्या नखावर टेकवली; घसरली तर बाजूला, रुतली तर माझी. रंध्याचे नुसते पाते दिले, ठोकळा घरी शिसवीचा कर म्हणाला. मी आणखी एक रुंद पटाशी उचलली, तिच्या मुठीला पितळेचे कडे होते म्हणून. "पितळ लाकूड कापत न्हाई," तो म्हणाला. तरी मी ती घेतली. ती पटाशी मी जन्मात चार वेळा वापरली असेल.

वाकसाला मात्र त्याने मला हात लावू दिला नाही. वाकस म्हणजे आमचे लाकूड तासायचे हत्यार, पाते आडवे, दांडा हातभर. "वाकस दुकानातून न्यायचा न्हाई. तो ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाचा असतो. तुझ्या गावच्या लोहाराकडं जा. त्याच्यासारखं पाणी या तालुक्यात कुणी देत न्हाई." तापलेले पोलाद नेमक्या वेळी पाण्यात बुडवून कडक करायचे, त्याला पाणी देणे म्हणतात. अलीकडे बुडवले तर धार तडकते, पलीकडे बुडवले तर मऊ राहते.

लोहाराचा मेट, म्हणजे त्याच्या भट्टीची जागा, गावाबाहेर होता. वयाने तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. त्याची बायको भाता चालवायची. एक जुनी कानस त्याने वाकसाच्या तोंडाला जोडली, कारण धार पोलादाचीच हवी. माझा हात कोपरापासून बोटांपर्यंत आपल्या वितीने मोजला. पाणी द्यायची वेळ आली तेव्हा तो बोलायचा थांबला. बायको त्याच्या डोळ्यांकडे बघून भाता हलका-जड करत होती. धारेवर गव्हाचा रंग चढला आणि त्याने वाकस बुडवला.

"आता याला पुन्ना जाळ दाखवायचा न्हाई," तो म्हणाला. "सहाणेवर पाजळ, दगडावर घास, काय बी कर. जाळ न्हाई."

"हाय मला ठावं," मी म्हणालो. आणि ते मला खरेच ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या देशमुखांच्या नव्या घराच्या चौकटीचा मुहूर्त होता. काम आम्हा दोघा भावांना मिळून दिलेले, पण उंबऱ्याच्या लाकडावर पहिला घाव माझ्या नव्या हत्याराने घालायचा असे मी हट्टाने ठरवून घेतले होते. त्या संध्याकाळी मी वाकसाला दांडा बसवला. घाईत बाभळीची ओली फांदी घेतली होती. एका फळकुटावर दोन घाव घातले आणि दांडा मोडला. मोडका बुंधा वाकसाच्या डोळ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, घट्ट अडकून बसला.

तो सामत्याने भोक पाडून, पटाशीने कोरून काढायचा असतो. त्याला वेळ लागतो. चुलीवर बायको भाकरी करत होती, खाली निखारे फुललेले. मी वाकस डोळ्याच्या बाजूने निखाऱ्यात खुपसला. बुंधा जळून जाईल, धार तर बाहेरच आहे, असा हिशेब. निदान धार थंड राहावी म्हणून तिला ओला चिखल तरी लावायचा. तोही लावला नाही. तेवढ्यात देशमुखांचा गडी उद्याचे काही विचारायला आला आणि मी त्याच्याशी दारात बोलत राहिलो. आत आलो तेव्हा बायको वाकसाकडे बघत होती.

"अवो, हे निळं कावून झालं?"

धारेपर्यंत आच गेली होती. निळा रंग चढला म्हणजे पाणी उतरले. मला ते एका नजरेत कळले. त्याच वेळी मेटावर गेलो असतो तर दादा शिव्या घालत हसला असता आणि पुन्हा पाणी दिले असते. पण भावाला कळले असते. मी राख आणि दगड घेतला आणि निळेपणा घासून काढला. नवा दांडा ठोकला. धार चकचकीत दिसत होती. एखाद वेळ निभावेलही, असे मी मनाला सांगितले.

सकाळी उंबऱ्याच्या लाकडाला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. देशमुख, त्यांच्या घरची माणसे, अर्धे गाव उभे होते. मी पहिला घाव घातला. दुसऱ्या घावाला धार कागदासारखी मुडपली.

मुहूर्तालाच हत्यार वळले, हे साधे नव्हते. देशमुख पुढे आले, वाकसाकडे बघितले आणि म्हणाले, "काय बे सुतारा, हे काय?"

भाऊ बाजूला उभा होता. त्याच्या हातात वडिलांचा वाकस. "नवं हत्यार, नवा सुतार," तो हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

मी म्हणालो, "माझं काय, मालक? लोहाराचं पाणी कच्चं हाय."

एवढेच वाक्य. भावाने वडिलांच्या वाकसाने उंबरा तासला आणि चौकट उभी राहिली. पण ते वाक्य गावात राहिले. अपशकुनाला कुणीतरी धनी हवा होता, तो मी दिला. मग कुणाला आपल्या नांगराचा फाळ लवकर झिजल्याचे आठवले, कुणाला विळा. एक म्हणाला, मला आधीपासूनच शंका होती. लोक कामे घेऊन शेजारच्या गावच्या लोहाराकडे जाऊ लागले. सुगीला दादा खळ्यांवर गेला तेव्हा त्याला वाट्याचे धान्य द्यायला लोक का-कू करू लागले. मी बघत होतो. रोज वाटायचे, आज सांगू.

शेवटी दादाने गाव सोडायचे ठरवले. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या पडवीत आला. बसला नाही.

"त्यो वाकस दाव," तो म्हणाला. "भांडायला न्हाई आलो. नुसता बगायचाय."

वाकस आत कणगीमागे होता. मी म्हणालो, "मोडीत दिला, दादा."

त्याने माझ्या रंध्यावर, करवतीवर नजर फिरवली. "येक खरं सांग गड्या. जाळाला लागलाता का?"

"न्हाई."

"शपथ?"

"कशाला खोटं बोलू?"

त्याने मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास बसला, हे मला दिसले. तो संशय घेऊन गेला असता तर बरे झाले असते. आत बायको उभी होती. त्या दिवशी भर दुपारी, वेळ नसताना, तिने चूल सारवायला घेतली. पुढे चाळीस वर्षांच्या संसारात आमच्यात तो विषय निघाला नाही. ती गेल्यावर हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

गेल्या वर्षी एका लग्नाला शिरूर कासारला गेलो होतो. दादा तिकडेच गेल्याचे पूर्वी कानावर आले होते. बाजारात लोहारांची चौकशी केली तेव्हा कळले, दादा जाऊन बरीच वर्षे झाली. त्याची बायको लेकीकडे असते. मी शोधत गेलो. ती ओट्यावर धान्य निवडत होती. तिने मला आवाजावरून ओळखले.

"सुतारभावजी ना? बसा. लई दिसांनी."

गूळपाणी दिले. गावातल्या एकेकाची खुशाली विचारली. कोण मेले ते विचारले. कुणाबद्दल तिच्या बोलण्यात कडू काही नव्हते. मग तिनेच तो विषय काढला, जणू मला ते ठाऊकच असणार.

"तुमच्या वाकसापून त्यांनी मला भात्याला हात लावू दिला न्हाई. म्हणायचे, माझ्या डोळ्याची चूक न्हाई, त्या दिशी तुजाच भाता चुकला. वरडायचे न्हाईत कदी. पण पाणी द्यायची येळ आली की मला उठवायचे, लेकीला बसवायचे. मरस्तोवर." ती सूप हलवत होती. "मीबी म्हणायची, चुकला आसंल. त्या दिशी सकाळपून आंगात कणकण हुती माज्या."

मी तिला सगळे सांगितले. चूल, निखारे, निळा रंग, राख. पडवीत दादाने विचारले आणि मी काय उत्तर दिले, तेही.

सूप थांबले. 

"म्हंजी माजा भाता बरुबर हुता."

"व्हय, वहिनी."

"हे त्यांना सांगायचं हुतं."

मी पायांवर हात ठेवायला वाकलो, तर तिने पाय आत घेतले. "पाया नका पडू. गावात सांगितलं का?"

"न्हाई."

"मग हितं आदी कावून आलात? तितं सांगा. त्यांचं नाव तितं गेलं."

परत आलो आणि त्याच आठवड्यात पारावर बसलेल्या लोकांपुढे सांगितले. बहुतेकांना तो लोहार आठवतच नव्हता. आपल्या गावची कामे शेजारच्या गावात का जातात, हे कुणाला ठाऊक नव्हते. जातात, एवढेच ठाऊक होते. माझा पुतण्या हसून म्हणाला, "काका, आता कोण कुठला लोहार?" एक जण म्हणाला, "म्हातारपणी काय बी आठवतं." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. दुसऱ्यांदा ऐकायला दोघेच थांबले.

चौकटींची मापे लिहून ठेवायची मला सवय आहे, म्हणून हेही लिहिले. एक प्रत शिरूरला पाठवली, नातीकडून वाचून घ्या म्हणून. एक चावडीत देऊन आलो. तिथल्या माणसाने कागद उलटसुलट करून विचारले, "यात अर्ज कशाचा हाय?"

"अर्ज न्हाई," मी म्हणालो. "फक्त ठेवा."