नोत्र मेझों

धाकट्या भावाने सांगलीत घर बांधलं. त्याच्या विटा मी आटपाडीत बसून ठरवल्या, फरशीवाल्याशी घसा बसेपर्यंत मी भांडलो, दारांचा सागवान तर मी दुकानातून दोनदा उठून गेल्यावर मनासारख्या भावात मिळाला. डाळिंबाचा व्यापार करून मी एवढंच शिकलोय. आणि वास्तुशांतीच्या आधी फोनवर हा म्हणतो, "दादा, वहिनीला घेऊन आमच्या घरी या."

आमच्या! म्हणजे त्याच्या, त्याच्या बायकोच्या आणि पोरांच्या. मी त्यात नाही. मी असतो तर 'आपल्या' म्हणाला असता. मी फोन आपटला आणि जाहीर केलं, मी जाणार नाही.

मुलगी सांगलीला त्याच्याकडेच राहून फ्रेंच शिकते. ती मला न्यायला आली.

"अप्पा, फ्रेंचमध्ये हे भांडण होतच नाही. आमचं म्हणा नाहीतर आपलं म्हणा, दोन्हीला एकच शब्द. नोत्र. घर म्हणजे मेझों. नोत्र मेझों."

"मग पावण्याला कसं कळायचं, आत यायचं का बाहेर थांबायचं?"

"नाही कळत."

"लय हुशार लोक हायत. आणि घरं दोन असली तर?"

"नो मेझों."

"घरच न्हाई?"

"अहो, नो म्हणजे आपली. घरं अनेक झाली की नोत्रचं नो होतं."

भाव करताना ज्या 'नो' शब्दावर माझं डोकं फिरतं, तो शब्द तिकडे घरं वाटत फिरतोय, हे ऐकून मला हसू आलं. हसलो तिथेच फसलो. बायको पिशवी भरून तयारच होती.

सांगलीत पोचलो तर फाटकात भाऊ उभा होता. पोरीने पढवलेलं त्याने एका दमात म्हटलं, "दादा, नोत्र मेझों. या."

मी चप्पल काढली नाही. "मराठीत बोल."

"आवं, दिवाळीला तुमी मला काय म्हणता? 'आमच्याकडं ये' म्हणता. मी कवा फोन आपटला?"

"मी थोरला हाय. माझं येगळं."

"मग माझं बी येगळं. न्हाईतर घ्या फ्रेंच, दोन्हीला एकच शबुद."

आत होमाचा धूर, बाहेर आम्ही दोघे. भावजयीचा जीव टांगणीला, कारण यजमानाशिवाय गुरुजी खोळंबले होते. शेवटी मी माझा भाव सांगितला. "आपलं घर. एकदा, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. आणि दिवाळीला मी बी म्हणीन."

"आधी तुमी म्हणा."

"दोघं संगंच."

पोरीने एक, दोन, तीन म्हटलं. भाऊ ओरडला, "आपलं घर!" मी गप्प राहिलो. माझं दिवाळीला ठरलं होतं.

"दादा, फसवलंसा गड्या!" तो म्हणाला आणि माझी पिशवी घेऊन आत गेला. मीही मागोमाग गेलो. फरशी उत्तम बसली आहे. पण पत्रिकेवर 'आमच्या नूतन वास्तूत' असं छापलंय, ते त्याने अजून खोडलेलं नाही.