हॉगवॉश म्हणजे धोवण

"हॉगवॉश!" असं म्हणून ते उजवा हात झटकायचे. बादलीतलं पाणी अंगणात भिरकावावं, अगदी तसा. तुम्ही वेरूळची लेणी त्यांच्याबरोबर पाहिली असतील, तर तो हात तुम्हाला आठवेल. आम्ही सगळे गाईड त्यांना मामा म्हणायचो. धनगराघरचा माणूस. लहानपणी याच डोंगरावर मेंढरं राखली आणि पर्यटकांच्या मागं हिंडत इंग्रजी शिकले.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. इथून देवगिरीच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे, असं एका ग्रुपला रंगवून सांगत होते. मागून आवाज आला, "हॉगवॉश!" माणसं हसली. मी दोन दिवस मामांशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच चहा मागवला.

"राग आला व्हय, पोरी?"

"त्या शब्दाचा अर्थ तरी काय?" मी फणकारले.

"एका गोऱ्या म्हातारीनं सांगितला. डुकराला घालायचं खरकटं धोवण. फालतू बडबडीला तसं म्हणत्यात." मग हळूच हसले. "आमच्यात म्हशीला घालत्यात. पर म्हैस ते पिऊन दूध तरी देती. तुझ्या भुयारातून काय निघालं?"

मला हसू आलं. पण दुसऱ्याला म्हणायला काय जातं, हे मनात राहिलंच.

पुढं एकदा मी त्यांच्या ग्रुपमागं उभी होते. कैलास लेण्यातल्या एका खांबावरचे छिन्नीचे घाव दाखवून मामा म्हणाले, "हा कारागीर डावखुरा होता." ही त्यांची लाडकी गोष्ट, हमखास टाळ्या घेणारी. ग्रुपमधल्या एका पाथरवटानं घावांवरून बोट फिरवलं.

"असा घाव उजव्या हातानंबी बसतो, साहेब. बसायची बाजू बदलली की झालं."

मामांनी ते घाव पुन्हा निरखले. आता थाप मारून वेळ निभावून नेतील, असं मला वाटलं. त्यांनी हात झटकला.

"हॉगवॉश. माझंच. लई वर्सं सांगत आलो, चुकलं." मग पाथरवटाला म्हणाले, "दादा, फुडचं तुम्ही दावा. मी ऐकतो."

आणि खरंच ऐकत गेले, खुशीत, मध्येमध्ये शंका विचारत. माझा राग तिथंच संपला. भुयार मी पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

गुडघे थकल्यावर मामा चिकलठाण्याला मुलाकडं राहायला गेले. परवा मी त्यांना भेटायला गेले, तर ते घरामागं एका शेळीला सुबाभळीचा पाला चारत बसले होते.

"लेणं कसं हाय?" घरच्या माणसाची खुशाली विचारावी, तसं त्यांनी विचारलं.

"बरं आहे," मी म्हणाले.

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि शेळीपुढं आणखी एक डहाळी धरली.