भाच्याची झोप आणि माझी टमटम

माझा भाचा दिवसा असा झोपायचा, की बाजूला फटाके फोडा. रात्री मात्र साहेबांची ड्युटी सुरू. जरा डोळा लागला की उठला, आणि भोंगा! अख्ख्या डहाणूला कळायचं, रेल्वे क्वार्टरमध्ये कोणीतरी जागं आहे.

ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. ती शिकवते ती शाळा आणि सासर, दोन्ही उधव्याला. सहा महिन्यांची रजा संपत आलेली, पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि बाईंची अवस्था अशी, की कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ओट्याला टेकून झोपायच्या. चौथीच्या पोरांसमोर अशी झोपली तर?

सल्ले फुकट होते. आई म्हणायची, "नजर लागलीय." मीठ-मोहरी ओवाळून झाली. शेजारच्या गुजराती काकी दारातूनच, "अरे, भूख लागी हशे एने!" आत्ताच पोटभर पिऊन ढेकर दिलेल्या पोराला भूक? मी दोघींची नक्कल करून दाखवायचो, तर ताई हसायची पण नाही. तेव्हा कळलं, मामला सीरियस आहे.

मग एका रात्री मी वैतागून त्याला खांद्यावर घेतलं आणि शेअर टमटम काढली. म्हणजे तोंडाने. आधी इंजिनचं डुग-डुग, मग गियरची खरखर, मग ड्रायव्हरचा पान कोंबलेला आवाज, "चलो तलासरी, उधवा, एक सीट, एक सीट!" साहेब गप्प. कधी झोपले कळलंच नाही. आई म्हणाली, "चला, पहिल्यांदा तुझ्या तोंडाचा उपयोग झाला."

उपयोग कसला, सजा! उठला की टमटम. पुन्हा उठला, पुन्हा टमटम. आधी निदान दूध पिऊन तरी झोपायचा, आता त्याला उधव्याची सवारीच हवी. वर आधीपेक्षा जास्त वेळा उठायला लागला! माझा घसा बसला. कॉलेजात प्रिन्सिपलची नक्कल करायला गेलो तर पोरं म्हणाली, "हा कोण?"

"असं का करतो गं हा?" मी ताईला विचारलं. दुपारी मी जेवून आडवा झालो, आणि झोप लागल्यावर तिने डोक्याखालची उशी हळूच काढून घेतली. कूस बदलली आणि मी बोंबललो, "उशी कुठंय माझी?"

ताई उशी मांडीवर घेऊन समोरच बसलेली. "रोज असाच कूस बदलतोस. उशी लागते हाताला, परत झोपतोस, सकाळी आठवत पण नाही. हा पण तेच करतो. मध्येच झोप पातळ होते, डोळे किलकिले करून बघतो, तर झोपताना होती ती टमटम गायब!"

"मग?"

"मग काय, त्याची उशी तू आहेस. आणि उधव्याला मी तुला बांधून नेणार नाहीये. आजपासून तोंड बंद."

मला! तोंड बंद!

त्या रात्री दूध पाजून झाल्यावर ताईने त्याला जागाच अंथरुणावर ठेवला आणि छातीवर नुसता हात ठेवून बसली. साहेबांनी क्वार्टर डोक्यावर घेतलं. काकी खिडकीतून, "भूख लागी हशे!" मी बाहेरच्या खोलीत ओठ दाबून. डुग-डुग अगदी दातांपर्यंत आलेलं.

आई म्हणाली, "कर ना रे एकदाच, काय जातंय तुझं?"

आतून ताई, "केलंस तर उधव्याला तूच जा शिकवायला!"

रडत रडतच झोपला. पुन्हा उठला, पुन्हा तो हात, पुन्हा रडणं. दुसऱ्या रात्री तेच. मग जरा कमी. मग अजून कमी.

रविवारी दोघं निघाले. स्टँडवर खरा ड्रायव्हर ओरडला, "चलो तलासरी, उधवा, एक सीट!" आणि साहेब ताईच्या खांद्यावर तिथल्या तिथे आऊट. ताईने माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरलो.

सोमवारी सकाळी मीच फोन लावला. "रात्री काय झालं?"

"एकदा उठला, भूक होती, प्यायला. नंतर एकदा नुसतं इकडेतिकडे बघितलं, मूठ तोंडात घातली आणि झोपला."

"मला शोधलं नाही?"

"नाही बाबा! चल, ठेव, शाळेला उशीर होतोय."

एवढा घसा फोडला, आणि साहेबांनी साधं शोधलं पण नाही! दिवसभर माझं डोकं फिरलेलं. पण ताईचा तो आवाज झोप झालेल्या माणसाचा होता. संध्याकाळी मी त्या आवाजाची नक्कल करून बघितली. जमेना. सहा महिन्यांत ऐकलाच नव्हता ना.