गफूरचाचा आणि थकलेली मोटार

गफूरचाचांच्या दुकानात काहीही दुरुस्तीला आलं की ते आधी त्याला कान लावायचे. लाकडी मुठीचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या खिशात कायम असे. त्याचं टोक चालत्या मोटारीच्या अंगावर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात गिऱ्हाइकानं तोंड उघडलं तर एक बोट वर जायचं. "ऐकून राहिलो ना मी. जरा दम खा." मग डोळे उघडून ते निकाल द्यायचे. निकाल दोनच असत, 'बिघडली' नाहीतर 'थकली'. त्यातही 'बिघडली' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पंधरा वर्षांत दोन-तीनदाच ऐकला असेल. बाकी सगळ्या मोटारी, पंखे, मिक्सर आणि बॅटऱ्या थकलेल्याच असायच्या.

नांदेडला मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होतो. लातूरनं वाट दाखवल्यापासून आमच्याकडेही गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि डॉक्टर-इंजिनियर व्हायला निघालेली पोरं लोह्याहून, कंधारहून, उदगीरहून ट्रंका घेऊन उतरत होती. वीज मात्र दिवसातून सहा-सहा तास जायची. म्हणून इन्व्हर्टर आले आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वर्ष-दोन वर्षांत मान टाकू लागल्या. अशाच दोन बॅटऱ्या रिक्षात घालून मी पहिल्यांदा चाचांच्या दुकानी गेलो.

"मेल्या बघा या," मी म्हणालो.

"इंतकाल झाला? मग इकडं कशाला आणल्या, कब्रस्तानात न्या." त्यांनी झाकणं उघडून आत टॉर्च मारला. "काय शिकवता तुम्ही क्लासात?"

"फिजिक्स."

"हाव का? मग विजेचं समदं ठाऊक असंल तुम्हाला. यांना प्यायला पाणी द्यायचं असतं, तेवढं कुणी शिकवलं न्हाई वाटतं."

आतल्या खणांत पाण्याचा टिपूस नव्हता. मी ओशाळलो. "सर, चार दिवसांनी या," असं कुणी म्हणेल म्हणून वाट पाहिली, तर ते म्हणाले, "मास्तर, जुम्म्याला या. सर तुम्ही तिकडं, बोर्डाजवळ." शेवटपर्यंत त्यांनी मला मास्तरच म्हटलं, आणि मला ते आवडायचं.

आता माझ्या मोठ्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्यामुळेच मला चाचा खरे कळले. आम्ही कंधारकडचे भोई. वडील लवकर गेले. माणिकदादानं धरणाच्या पाण्यात जाळी टाकून मला शिकवलं. भूकंप झाला तेव्हा तो औसा तालुक्यात सासुरवाडीला गेला होता, गणपती बुडवून लोक झोपले होते. दगडमातीची भिंत त्याच्या उजव्या खांद्यावर आली. जीव वाचला, पण हात पुन्हा कानाच्या वर गेला नाही. पुढं दहा वर्षं वहिनी वल्हं मारायची आणि दादा डाव्या हातानं जाळं सांभाळायचा. मग वहिनीचे गुडघे गेले आणि नाव काठावर पालथी पडली. मच्छीमार सोसायटीचा नियम होता, जो स्वतः पाण्यात उतरतो त्याचाच हक्क. दादा एक मोसम घरी बसलेला सगळ्यांनी पाहिला होता. दुसराही बसला तर यादीतून त्याचं नाव कमी होणार होतं.

मी लगेच तोडगा काढला. मला तोडगे लगेच सुचतात, शिकवण्याचा धंदाच तसा. आमच्या क्लासच्या मुलींच्या होस्टेलला वॉचमन हवा होता. दादाला खाकी कपडे शिवले, शिट्टी दिली, गेटजवळ प्लॅस्टिकची खुर्ची दिली. भावाचं आयुष्य मार्गी लावलं म्हणून मी खूश होतो. त्या खुर्चीत दादा उजवा हात मांडीवर ठेवून बसायचा आणि समोरच्या डांबरी रस्त्याकडे बघत राहायचा.

एकदा बॅटऱ्या उचलायला म्हणून मी त्याला चाचांकडे घेऊन गेलो. चाचा त्याच्या खाकी कपड्यांकडे आणि मग लोंबत्या हाताकडे बघत होते. दादानं दुकानभर नजर फिरवली आणि अचानक विचारलं, "गफूरभाई, नावंला मोटार बसती का हो?"

"का न्हाई बसत? किती पाणी येतं नावंत?"

"नावंत कशाला पाणी येईल?"

"मग मोटार कशाला?"

आमच्या मुलखात मोटार म्हणजे विहिरीतलं पाणी उपसायची. मोटार पाणी ओढते, याच्यापलीकडे ती नाव ओढेल हे चाचांच्या ध्यानातच येईना. दादानं डाव्या हातानं वल्ह्याची खूण करून दाखवली तेव्हा कुठं त्यांना उमगलं, आणि मग दोघं पोटभर हसले. भूकंपानंतर दादाला मोकळं हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

हसणं ओसरल्यावर मी दादाचा खांदा कसा निकामी झालाय ते चाचांना समजावून सांगू लागलो. नोकरी लावून दिलीय, आता पाण्याचं जमणार नाही, वगैरे. चाचांनी बोट वर केलं.

"मास्तर, कान लावून बघितलं का कधी? भाऊ तुमचा बिघडला, का थकला?"

मी दादाकडे वळलो. दादा दुसरीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून चाचा कामाला लागले. भंगारातल्या जीपच्या पंख्याची बारा व्होल्टची मोटार त्यांनी काढली. मी खडू घेऊन त्यांच्याच फरशीवर गणित मांडलं. ही मोटार हवा कापायला बनवलेली, पाणी हवेपेक्षा आठशे पट जड, ती जागच्या जागी जळेल. चाचांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे पातं बारीक पाहिजे, एवढंच ना? एवढं सांगायला अख्खी फरशी भरवली?" त्यांनी पितळी पत्र्यातून तळहाताएवढं पातं कापलं. मोटार पाण्याच्या वर राहावी म्हणून तिला लांब सळई जोडली आणि ती सळई ग्रीस भरलेल्या पाइपातून खाली पात्यापर्यंत नेली. मी काढलेली चूक त्यांनी दुरुस्त केली होती आणि वर मलाच चहा पाजला.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी माप घेण्यात घालवला. सुतळी घेऊन दादाचा डावा हात मोजला, बसल्यावर एकदा आणि वाकल्यावर एकदा. नाव वळवायचा दांडा, बटण, सगळं डाव्या हाताला येईल असं केलं. एकट्यानं नाव चालवून जाळं सांभाळणं जमणार नव्हतं, म्हणून गळ ठरला. गळाची दोरी गुंडाळायला त्यांनी स्वतःच्या वाइंडिंगच्या यंत्राचं जुनं रीळ दिलं. नावेच्या दोन्ही कडांना पाइपाचे तुकडे बसवले, त्यात बांबूच्या काठ्या खोचायच्या. दोन्ही काठ्यांच्या दोऱ्या नावेमागं लांब सोडायच्या आणि नाव चालती ठेवून गळ ओढत न्यायचे. म्हणजे काठी धरायला खांदा नको. काठीच्या टोकाला बैलाचा घुंगरू बांधला, मासा लागला की वाजायला. आमिषाला स्टीलचा चकचकीत चमचा हवा होता, दांडी कापलेला. ते चमचे मी होस्टेलच्या मेसमधून आणले. पुढं महिनाभर मेसवाला पोरींच्या नावानं शंख करत होता आणि मी स्टाफरूममध्ये गंभीर चेहऱ्यानं "आजकालची मुलं" वगैरे म्हणत होतो.

रविवारी टेंपोत सगळं भरून आम्ही धरणावर गेलो. बॅटऱ्या अर्धापूरहून केळी येतात त्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, भोवती सायकलच्या जुन्या ट्यूबी गच्च बसवलेल्या. आमच्याच क्लासच्या टाकून दिलेल्या बॅटऱ्या होत्या त्या. चाचांनी त्यांना पाणी पाजून, हळूहळू चार्ज करून उठवलं होतं. काठावर आल्यावर कळलं की गोदावरीकाठच्या गावात जन्म काढलेला हा माणूस कधी नावेत बसलेला नाही. पोहता तर येतच नव्हतं.

"तुम्ही काठावर थांबा, चाचा," मी म्हणालो.

"आणि मोटारीला कान कोण लावंल, तुम्ही?"

बॅटऱ्या मोटारीजवळ, म्हणजे मागं ठेवल्या होत्या. दादाही मागं. पत्र्याच्या नावेचं तोंड वर उचललं गेलं. मग बॅटऱ्या पुढं सरकवल्या आणि मधे जाड वायर टाकली. बारीक वायर तापेल, हे मी सांगितलं होतं. त्या नावेत माझं योगदान म्हणजे तेवढी वायर आणि चोरलेले चमचे. पण मला आणखी अक्कल दाखवायची होती. बॅटऱ्या एकीच्या पुढं एक जोडा, मी म्हणालो, व्होल्ट दुप्पट, वेग जास्त. चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तसं जोडून दिलं.

नाव सुटली ती भरधाव. मी टाळ्या वाजवल्या. मागं चमचे पाण्यावर नुसते उड्या मारत होते. थोड्याच वेळात मोटारीतून जळका वास आला आणि चाचांनी बटण बंद केलं. नाव पाण्याच्या मधोमध उभी. चाचांचे ओठ हलत होते, दुआ चालली असावी.

"बाळू," दादा मला म्हणाला, "मरळ काय पळत्या चमच्यामागं येती व्हय? तिला वाटलं पाहिजे, दमलेला मासा हाय."

चाचांनी मोटार निवू दिली. मग वायरी सोडल्या आणि बॅटऱ्या शेजारी शेजारी जोडल्या. "जोडीनं चालू द्या दोघींना. लई थकलेल्या हायत बिचाऱ्या." या खेपेला मोटार कुरकुरतच सुरू झाली. एखादा म्हातारा बांधावरून चालत जावा, तेवढ्याच गतीनं नाव निघाली. चमचे खाली बसले, डुलत डुलत येऊ लागले. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर मोटारीला टेकवला, मूठ कानाला लावली, आणि नावेची कड सोडून त्यांचे दोन्ही हात मोकळे झाले. आपण पाण्यात आहोत हे ते विसरले होते.

बुडालेल्या बाभळींच्या कडेनं जाताना डावीकडचा घुंगरू वाजला. दादानं बटण बंद केलं, गुडघ्यात रीळ धरलं आणि डाव्या हातानं दोरी गुंडाळायला लागला. मी पुढं झालो तर तो ओरडला, "हात लावू नको!" हातभर लांबीची मरळ त्यानं एकट्यानं नावेत घेतली. मग ओल्या हातानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिला. मीही रडलो, लपवत नाही.

आठवड्याभरानं दादानं खाकी कपडे धुऊन, इस्त्री करून, वर शिट्टी ठेवून माझ्या टेबलावर आणून दिले. सोसायटीत त्याचं नाव राहिलं. पुढं कित्येक वर्षं चाचांच्या घरी जुम्म्याला मरळीचं कालवण असायचं, आणि चाची दरवेळी निरोप धाडायची की या आठवड्यात जरा लहान पाठवा, पातेल्यात मावत नाही.

चाचांचा कान मात्र मंदावत गेला. एकदा दुकानात बसलो असताना त्यांनी एका पंख्याला स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि नेहमीसारखं "थकली" म्हणाले. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "चाचा, खरं सांगा, ऐकू आलं?"

"न्हाई आलं." त्यांना हसू फुटलं. "आधी तरी सारखं कळत होतं व्हय? निम्म्या वेळंला न्हाईच कळायचं. कळलं न्हाई तर थकली म्हणायचं, मास्तर. बिघडली म्हटलं की माणूस टाकून देतो. थकली म्हटलं की हळू वापरतो, सांभाळतो. तोवर मला उघडून बघायला सवड भेटती."

मागच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळची नमाज पढून दुकानाची फळी काढायला आले आणि फळीवरच बसले, ते उठले नाहीत. मातीला दादा आला होता. त्यांच्या मुलानं दुकान आवरताना तो स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. अब्बांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, मास्तरला द्या, त्याला अजून ऐकायचं शिकायचं आहे.

परवा गावी गेलो तर दादानं मला नावेत बसवलं. तो आता पंचावन्नच्या पुढं गेलाय. मोटारीतून वेगळाच आवाज येत होता. दादानं माझ्या खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बोट केलं. मी टोक मोटारीवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. घरघर होती, मधेच काहीतरी खरखरत होतं. बेअरिंग असेल, ब्रश असेल, नाहीतर दुसरंच काही. पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवून मला त्यातलं काहीएक कळलं नाही.

"काय म्हणती?" दादानं विचारलं. "बिघडली?"

"नाही," मी म्हणालो. "थकली."

"मग हळू नेतो," दादा म्हणाला, आणि त्यानं नाव बाभळींच्या कडेला घेतली.