कपाळावरचा निळा

बाळांनो, हे मी तुमच्या आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्ही वाचा, मग तिला वाचून दाखवा.

दिवाळीनंतर मी आतली खोली एका बाईला भाड्याने दिली. केनियाहून आलेली, तिशीतली. तिची आई इथे परळला इस्पितळात होती. सकाळी डबा घेऊन ती चालत जायची, संध्याकाळी सातला परत. पोलिसांकडची नोंद, सोसायटीचं पत्र, सगळं मी रीतसर केलं होतं. तरी ती जिना चढायला लागली की दारं लोटली जायची. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तुमच्या टीव्हीच्या आवाजाची वाटते," मी म्हटलं.

वॉर्डात तिला रात्री थांबू देत नसत. आईच्या उशाशी आपलं चित्र असावं असं तिला वाटत होतं. रविवारी मी तिला खिडकीपाशी बसवलं. दोन तासांनी तिने कॅनव्हास पाहिला आणि विचारलं, "छान आहे, ममा. पण ही कोण?" मग तिने आपला हात चित्रातल्या गालाशेजारी धरला.

मी शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. मुलं फिक्या गुलाबी खडूला स्किन कलर म्हणायची आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. वर्गात त्या खडूच्या रंगाचं एकही मूल नव्हतं. मीही नव्हते. हात मात्र त्याच रंगाकडे जायला शिकला होता.

सगळं खरवडून मी पुन्हा सुरुवात केली. तपकिरीत निळा मिसळला. कपाळावर उजेड पडत होता तिथे जवळजवळ निव्वळ निळा लावला. डोळे अर्धे राहिले होते, पण ती हसून म्हणाली, "आता आई ओळखेल मला."

मग मी चूक केली. इमारतीतल्या लोकांनी तिच्याकडे एकदा नीट बघावं म्हणून चित्रावर सही केली आणि त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमची पाहुणी." दोन अंगठे आले, एक नमस्कार आला.

चौथ्या दिवशी सकाळी डेअरीवाल्याने मला फोन दाखवला. "आजी, बघितलंत का? मुलं पळवणारी टोळी आलीय. ही बाई आपल्याच एरियात फिरतेय."

ते माझं चित्र होतं. खालची सही कापलेली. फोनमध्ये निळा रंग काळा झाला होता आणि अर्धवट डोळे रोखून बघत होते.

"हे मी काढलंय," मी म्हटलं.

तो अदबीने सरळ झाला. "म्हणजे पोलिसांसाठी तुम्ही काढता होय?"

तेव्हा मला कळलं. साधा फोटो असता तर कुणीतरी शंका घेतली असती. हाताने काढलेला चेहरा म्हणजे पोलिसांनी काढून घेतलेलाच, असं सगळे धरून चालले होते. मी ग्रुपवर खुलासा लिहिला. तिला फोन करून सांगितलं, मी न्यायला येते. ती म्हणाली, "रोजचाच रस्ता आहे, ममा."

सात वाजून गेले. सव्वासातला तिचा फोन आला. मागे गलका होता. ती एवढंच म्हणाली, "कोपऱ्यावर."

मी तैलरंगाचा, अजून ओलसर कॅनव्हास उचलला आणि निघाले. वीस-पंचवीस माणसं होती. एकाच्या हातात तिचा डबा. एका बाईने तिचं मनगट धरलं होतं आणि दुसरी फोन तिच्या चेहऱ्याशेजारी धरून म्हणत होती, "सेम टू सेम आहे."

"ते चित्र माझं आहे. माझ्या घरात बसवून काढलंय," मी कॅनव्हास वर धरला.

"आजी, तुम्ही साइडला व्हा. तुम्हाला माहीत नाही."

मनगट धरलेली बाई माझ्याकडे बघत राहिली. "टीचर, तुम्ही?" म्हणाली आणि तिने हात सोडला. माझ्या वर्गातली असणार. कुणी माफी मागितली नाही. वाट दिली, तीही मला.

दोन दिवसांनी ती इस्पितळाजवळच्या लॉजवर राहायला गेली. मी चित्र कागदात गुंडाळून पुढे केलं. "आईसाठी."

"नको, ममा. वॉर्डातही सगळ्यांकडे फोन आहेत."

चित्र आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे.

गेल्या सोमवारी तुमच्या आईने तिकडे परगावी बसून मला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आई, ही बाई परळ-लालबागमध्ये फिरतेय. कुणालाही दार उघडू नकोस." कपाळावरचा निळा त्यात कुठेच दिसत नाही.

तिला विचारा, हा फोटो तिच्याकडे कुणाकडून आला आणि तिने आणखी कुणाकुणाला पाठवला. मला पूर्ण यादी हवी आहे, लवकर हवी आहे. ती मुलगी अजून रोज त्याच भागातून चालत आईकडे जाते.