पंगतीतली तिसरी बाई

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अमावस्येला रस्त्यात टाकलेलं लिंबू ओलांडून ड्युटीवर जाणारी बाई आहे मी. या ग्रुपवर आले तेही 'परत परत बघावेत असे सिनेमे' या धाग्यासाठी. तिथे हे लिहिलं तर लोक म्हणाले, ताई, हे 'अमानवीय अनुभव' या धाग्यात टाका. टाकलं.

सिनेमाबद्दल माझं मत साधं आहे. ज्यात कोणी मरत नाही आणि जो मधूनच कुठूनही लावला तरी चालतो, तोच परत बघण्यालायक. आमच्या घरी असा एकच – जुना, विनोदी, लग्नघरातला सगळा गोंधळ. आईचा लाडका. नाव विचारू नका, नाहीतर सगळे त्याच जागेवर डोळे फाडून बसाल आणि मला मेसेज करत राहाल. आई गेल्यावरही घरी येईल त्याला मी तो दाखवतेच.

पण बाबांबरोबर बघणं म्हणजे डोक्याला ताप. आम्ही कामतघरचे, भिवंडीतले. बाबांनी छत्तीस वर्षं पॉवरलूमवर काढली. त्या खडखडाटात कोणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून लूमवाले एकमेकांचे ओठ वाचतात. बाबांचे कान गेले, ओठ वाचणं तेवढं राहिलं. हिरो काय बोलतो यात त्यांना रस नाही. मागे उभी असलेली एक्स्ट्रा माणसं आपसात काय पुटपुटतात ते मोठ्याने सांगणार. "हा बोलतोय, चपाती वातड हाय." "ती बोलते, माझी गाडी चुकंल." आणि हे सगळं ऐन विनोदाच्या जागी!

त्यात त्यांचं एक जुनं दुखणं. तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, आई हॉस्पिटलमध्ये होती. शेवटच्या दुपारी तिच्याजवळ बाबा एकटेच. ती काहीतरी बोलली, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क... ओठच दिसले नाहीत. कानाचं मशीन त्याआधीच घरात कुठेतरी हरवलेलं. ते घेऊन दिलं मी, आणि हरवलंही मीच, असं बाबांचं ठाम मत. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी, "बाय, ती काय बोलली असंल गं?" मला काय माहीत? मी खाली औषधं आणायला गेले होते. आधी शांतपणे सांगायचे, मग चिडून सांगायला लागले, मग उत्तर देणंच सोडलं.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी रुबिना आली. जवळच्या वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये आम्ही दोघी पॅकिंगला असतो. तिला हा सिनेमा दाखवायचाच, असं माझं केव्हापासून चाललं होतं. सव्वा तासाने जेवणाच्या पंगतीचा सीन आला आणि बाबा एकदम पुढे सरकले.

"पाठी घे."

घेतलं. "अजून पाठी." असं चार वेळा. रुबिना हसू दाबून बसलेली. शेवटी मी टीव्हीसमोर उभी राहिले, म्हणजे माझे ओठ तरी दिसतील. "बाबा, घरात पाहुणी आहे. पुढे जाऊ द्या ना."

"सरक. ती तिसरी बाई बघ, हिरव्या साडीची. ती बोलते, मशीन पापडांच्या डब्यात ठेवलंय, दमट हवेत खराब होईल म्हणून."

"चाचा, पिक्चर में मशीन किधर से आयी?" रुबिनाने विचारलं.

"ती माझ्याशी बोलते," बाबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पापडांचा डबा म्हणजे माळ्यावरचा पत्र्याचा. आईने केलेले शेवटचे तांदळाचे पापड त्यात होते. तीन वर्षं मला तो उघडवला नव्हता. हे बाबांना ठाऊक होतं आणि तरी... तशीच तावातावाने स्टुलावर चढले, डबा काढला आणि त्यांच्या पुढ्यात आपटला. "घ्या. करा खात्री."

पापडांच्या खाली, आईच्या रुमालात गुंडाळलेलं मशीन निघालं.

रुबिना "या अल्लाह" म्हणाली आणि पाणी मागितलं. मी तो सीन परत लावला. हिरव्या साडीतली बाई मान खाली घालून जेवत होती. तोंड हलत होतं ते फक्त घास चावण्यापुरतं. रुबिनालाही तसंच दिसलं. बाबांनीही नीट बघितलं आणि म्हणाले, "आता न्हाय बोलत."

शहाणे लोक म्हणतील, बाबांनी कधीतरी आईला ते ठेवताना पाहिलं असेल आणि विसरले असतील. मीही स्वतःला हेच समजावते. पण आठवणार होतं तर तीन वर्षं मला का बोल लावले? आणि ओठ वाचताना बाबा कधी चुकलेले मी तरी पाहिलेले नाहीत. तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा, पण कृपा करून 'पॉझिटिव्ह एनर्जी' वगैरे लिहू नका.

मला वाटलं, चला, निदान बाबांचं दुखणं तरी मिटलं. नवा सेल घालून मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि म्हटलं, "झालं ना आता? मशीन कुठे आहे तेच सांगत होती आई त्या दुपारी."

बाबांनी आईच्या रुमालाची नीट घडी घातली.

"बाय, लूमवर समोरच्याचं कळलं न्हाय तरी आपण मान हलवतो. त्याला बरं वाटतं. तवा हॉस्पिटलात पण मी मान हलवली. बोललो, हो हो, कळलं."

"मग?"

"मग ती वाट बघत राहिली असंल ना. मी मशीन लावून येईन, मग बोलू म्हणून."